वरच्यानं बोलत राहायचं

नाना, परवा तुझ्या जागी मी चढलो. तू असतास तर चढू दिलं नसतंस. पण तू नाहीस, जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाठींनी भरलेली आपली गाडी उघडी उभी होती, आणि सातपुड्याच्या बाजूनं अवकाळीचे ढग यायला लागले होते. गाठी भिजल्या तर मालक ढगांना नाही, मला विचारणार. म्हणून शिडी लावली आणि ताडपत्री टाकायला गेलो वर.

वर गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की वरून खालचा माणूस दिसतच नाही. इतकी वर्षं मी खाली दोर धरून उभा राहायचो आणि चरफडायचो, की हा म्हातारा वर काय करतोय ते काही दिसत नाही. तुलाही मी दिसत नसणार, हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. दिसणार कुठून? घरापेक्षा उंच माल, मधोमध बसायचं, कडेला जायचं नाही. वर आभाळ, बाजूला जिनिंगचे पत्रे आणि हातात दोर. बस. इतकं एकटं मला रस्त्यावरही वाटलं नव्हतं, आणि तू गेल्यापासून गाडीत माझ्या शेजारी कोणी नसतं.

खाली वामन होता. वरणगावचा वामन, दुसऱ्या गाडीवरचा, मालकानं ताडपत्री बांधण्यापुरता मदतीला दिलेला. माणूस वाईट नाही, पण दोर एका हातात आणि मोबाईल दुसऱ्या हातात. मी वर घडी सोडली, दोराचं टोक त्याच्याकडे फेकलं आणि माझ्या सवयीनं गप्प राहिलो. त्याला वाटलं, झालं याचं. आपल्या लाइनीत सगळ्यांचं असंच आहे ना, वरचा गप्प झाला म्हणजे तयार आहे, ओढा. त्यानं ओढलं. ताडपत्री माझ्या पायाखालून सरकली आणि मी धपकन बसलो. मधे होतो म्हणून नुसता बसलो. कडेला असतो तर थेट तुझ्याकडे आलो असतो, आणि तू मला तिथंही शिव्या घातल्या असत्यास.

शिव्या घालण्याचा तुला हक्कच होता. नियम तू पहिल्याच दिवशी सांगितला होतास. मी फैजपूरकडचा, केळीच्या गाड्या सोडून या लांब गाडीवर नवा आलेलो. तू धुळ्याचा, या गाडीवर आधीपासून. मी अहो-जाहो करायला लागलो तर म्हणालास, ज्याच्या हातात आपला दोर आहे त्याला तुम्ही म्हणायचं नसतं. मग शिडीवर एक पाय ठेवून सांगितलंस, की वरच्यानं बोलत राहायचं. काय बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण तोंड बंद पडता कामा नये. आवाज येतोय तोवर खालच्यानं दोर नुसता धरायचा. वरच्यानं बसून घेतलं आणि 'ओढ' म्हटलं, की मगच ओढायचा. आणि आवाज बंद झाला, तर दोर ढिला सोडून हाक मारायची, 'शे का?' आहेस का? वरून 'शे' आलं तर ठीक. नाही आलं तर सगळं टाकून शिडीकडे पळायचं. मला हसू आलं होतं. म्हटलं, हा माणूस माल बांधतोय का भेंड्या खेळतोय!

मग तू वर गेलास आणि तुझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आधी कामाचं. मागची ताडपत्री आधी टाकतोय, पुढची तिच्यावर येईल, म्हणजे गाडी पळताना वारा आत तोंड घालणार नाही. वारा एरंडोलकडून येतोय, त्या बाजूची कडी आधी बांध. विजेची तार पाहिली, लांब आहे. आता गुडघ्यावर आलो. आता मधे बसलो, ओढ. पण ते झालं की तुझं गाडं कुठंही जायचं. आज सातपुडा निळा दिसतोय. पलीकडच्या गच्चीवर कोणाच्या तरी मिरच्या वाळतायत, बाई एकटीच राखत बसलीय. भरताला हिरवंच वांगं पाहिजे, जांभळं म्हणजे नुसता देखावा.

आणि अक्का. फिरून फिरून तुझी गाडी अक्कावर. अक्काच्या हातची कळण्याची भाकरी. भाकरी थापण्याआधी ती बांगड्या कोपराकडे सारते, त्या सारताना तिचं लक्ष दुसरीकडेच असतं. लग्नात ती इतकी रागावलेली दिसत होती, की तुला वाटलं ही आपल्याला आठवड्यात हाकलेल. नंतर कळलं, की तिला नवी चप्पल चावत होती. हे सांगून तू वर एकटाच हसायचास, आणि प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य म्हणायचास, घरी गेल्यावर सांगेन तिला. सगळ्या जिनिंगला तुझी बायको न बघता ठाऊक होती, नाना. हमाल मला विचारायचे, आज अक्कानं डब्यात काय दिलंय.

मी खालून 'हं' करायचो. तू मला मुक्या म्हणायचास, तेही चारचौघांत. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात मुक्या, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. मी म्हणायचो, आपल्याला गहू विकायचे नाहीत, गाठी पोचवायच्या आहेत. तेवढंच माझं दिवसाचं बोलणं व्हायचं. माझं लग्न राहून गेलं त्याचंही कारण तू शोधून ठेवलं होतंस. म्हणे, मुलीकडच्यांनी नाव विचारलं असेल आणि यानं तेही सांगितलं नसेल.

एक गोष्ट माझ्या कधी ध्यानात आली नाही. खाली उतरलास की तुझं बोलणं संपायचं. पारोळा गेलं, धुळे गेलं, घाट उतरून गुजरात लागलं, तरी केबिनमध्ये आपण दोघं शेजारी बसून मुके. चहाच्या टपरीवरचा माणूस विचारायचा, तुमचं वाजलंय का काही? मला वाटायचं, वर बोलून बोलून दमत असशील. तुझी शांतता मला सोयीची होती, म्हणून मी कधी खोलात गेलो नाही. आता शेजारची सीट रिकामी असते आणि अधूनमधून माझ्या तोंडून आपोआप 'हं' निघतं.

आपलं वाजलं ते एकदाच, पण चांगलं वाजलं. तुझा गुडघा गेला तेव्हा. शिडीच्या पायरीपायरीवर तू थांबायला लागलास. मालकाकडे लोखंडी मचाण आणि कमरेचा पट्टा मागून तुझी जीभ झिजली होती. ते बघू म्हणाले होते, अजून बघतायत. मी म्हणालो, आता मी चढतो, तू खाली दोर धर. तू नाही म्हणालास. म्हणालास, बुटक्या मालावर खुशाल चढ, उंच मालावर नाही. का नाही, ते सांगेनास. माझं डोकं फिरलं. हमालांसमोर तुला हट्टी गाढव म्हणालो, आणि आपला अबोला सुरू झाला.

अबोल्याचं मला काय! माझं तर तेच भांडवल. पंचाईत तुझी झाली. माल भरला की वर जायचं, आणि वर गेलं की बोलायचं, नियम तुझाच. पहिल्या दिवशी तू वर जाऊन थोडा वेळ घुटमळलास आणि मग आवाज आला, 'मी तुझ्याशी बोलत नाहीये. मी दोराशी बोलतोय.' आणि सगळं दोराला सांगत बसलास. दोरा, तुला धरणारा माणूस फैजपूरचा, त्याला केळी सोडून जगातलं काही कळत नाही. दोरा, त्याला म्हणावं डावीकडची कडी गंजलीय, तिच्यावर भरवसा ठेवू नको. हमाल पोट धरधरून हसले. मी नाही हसलो. म्हणजे पाठ फिरवून हसलो, ते तुला वरून दिसलं नाही.

त्याच अबोल्यात एके दुपारी तुझा आवाज बंद पडला. ऊन असं होतं की पत्र्याला हात लागत नव्हता. मी दोर ढिला सोडला. भांडण होतं, तरी हाक मारली, 'शे का?' वरून काही नाही. परत मारली. मी शिडीकडे पळालो, दोन पायऱ्या चढलो, तेव्हा तुझा आवाज आला, अगदी बारीक.

'शे. थांब जरा.' मग म्हणालास, 'मुक्या, माले वर भ्याव वाटस. पहिलेपासून.'

तिथंच शिडीवर उभं राहून मी ऐकलं. तुझ्या उस्तादाला भीती अशी माहीतच नव्हती. मालाच्या कडेवर उभा राहून, पाठीमागे नुसती हवा असताना, तो दोर ओढायचा. बोलणंही त्याचं बेताचंच. एक दिवस तो गप्प झाला, खालच्याला वाटलं झालं, आणि त्यानं ओढलं. तू तेव्हा फाटकाशी उभा होतास. तेव्हापासून वर गेलं की तुझे हातपाय गार पडायचे, आणि बोलत राहिलं की तेवढे कमी गार पडायचे. नियम तू त्यातून काढला होतास. शेवटी म्हणालास, 'मी भितो म्हणून बोलतो. तुला भीतीच वाटत नाही. म्हणून तू वर नको.'

मग 'ओढ' म्हणालास. मी खाली उतरून ओढलं. तू खाली आलास, डबा उघडलास, ठेचा माझ्याकडे सरकवलास, आणि त्या गोष्टीवर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मला सांगायचं होतं, की नाना, भीती मलाही वाटते. वर नाही वाटत, खाली वाटते. तू श्वास घ्यायला थांबलास तरी माझा एक पाय शिडीकडे वळायचा. इतकी वर्षं रोज वळायचा. हे सांगायला मला तोंड नव्हतं, आणि तू गेलास.

गेलास तेही कसा! जन्मभर उंचीला भ्यालास आणि गेलास घरी, धुळ्यात देवपूरला, बाहेरच्या खोलीत, खाटेवर बसल्या बसल्या. मला याचा राग येतो, नाना. कोणावर येतो ते कळत नाही, म्हणून तुझ्यावरच काढतो.

गंधमुक्तीला, तुझ्या उत्तरकार्याला, आलो होतो. मांडवात माणसं होती, पण मला ओळखणारं कोणी नव्हतं. मी कोपऱ्यात चप्पलांजवळ बसलो. अक्का आत भिंतीला टेकून बसलेली. इतक्या वर्षांत मी तिला दारातूनच पाहिलेलं, डबा घेताना. बायका उठून गेल्यावर तिनं मला बोलावलं. म्हणाली, त्या दिवशी ती आत भाकरी करत होती आणि तू बाहेर खाटेवर. घरात तू गप्पच असायचास. म्हणून तिला कळलं नाही. ताट वाढून बाहेर आली, तेव्हा कळलं. हे तिनं भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं सांगितलं, आणि माझी मान वर होईना.

मग म्हणाली, जिनिंगचे हमाल येऊन गेले. नाना लई बोलायचे, गाडीवर चढून बोलायचे, असं सांगत होते. तिला वाटलं, हे दुसऱ्याच कोणाच्या दारावर यायचे ते चुकून इथं आले. घरात तर तुझ्या तोंडून हो-नाहीपलीकडे शब्द नव्हता. माझ्याकडे सरळ बघून तिनं तू वर काय बोलायचास ते सगळं विचारलं, 'काय बोलेत त्या वर? माले बठ्ठं सांगा, भाऊ.'

मी काय सांगितलं असेल? म्हणालो, कामाचंच बोलायचे. बास, एवढंच. तुझं सगळं बोलणं माझ्याजवळ होतं, बांगड्या, चप्पल, भाकरी, सगळं तिचंच. तिच्यापुढे बसून मी कामाचंच म्हणालो. तिनं बरं म्हणून मान हलवली आणि पाण्याचा पेला उचलून आत गेली. मी जळगावला परत आलो. मेहरूणच्या तलावाकाठी जाऊन बसलो, भेळवाल्यानं विचारलं तिखट की गोड, त्यालाही उत्तर देता येईना. त्यानं आपल्या मनानं तिखट दिली.

तर परवाचं सांगत होतो. मी गाठींवर धपकन बसलो आणि उठताच येईना. हात गार पडले, नाना. हे असं असतं होय, म्हटलं. वामन खालून ओरडला, झालं का? मी त्याला बसल्या जागेवरून नियम सांगितला. मोबाईल खिशात घाल म्हणालो. तो म्हणाला, बरं, बोला मग. आणि मला काही सुचेना. मग म्हणालो, मागची ताडपत्री आधी टाकतोय. म्हणालो, पुढची तिच्यावर. वारा बघितला, तार बघितली, गुडघ्यावर आलो. एवढं सांगून माझं संपलं, आणि थांबायची तर आता भीती वाटत होती. तेव्हा तोंडून निघालं, भरताला हिरवंच वांगं पाहिजे. ते काही माझं बोलणं नव्हतं. मागोमाग बांगड्या आल्या, चप्पल आली, सगळं आलं. मी घडी उलगडत होतो आणि बोलत होतो, 'ओढ' म्हणत होतो आणि बोलत होतो. ताडपत्री टाकून झाली, शेवटची दोरी खाली गेली, तरी मी वरच. वामननं हाक मारली, 'हाये का, भाऊ? उतरा की आता.' शे तुमच्या धुळ्याकडचं, वरणगावच्या माणसाच्या तोंडी कुठून येणार! चालेल. हाक मारली हे महत्त्वाचं. उतरल्यावर त्यानं मला विचारलं, ही अक्का कोण?

काल सुरतेकडे निघालो. धुळ्याच्या बायपासला गाडी लावली, दोर एकदा चाचपले आणि रिक्षा करून देवपूरला आलो. दुपार होती. अक्कानं दार उघडलं. तिला वाटलं काही सामान राहिलं असेल तुझं, ते द्यायला आलो. मी म्हणालो, सांगायला आलोय. तिनं मला बाहेरच्या खोलीत बसवलं. खाट तिथंच आहे, उभी करून भिंतीला लावलेली.

आधी मी तिला तुझा नियम सांगितला. वरचा आणि खालचा एकमेकांना दिसत नाहीत, म्हणून वरच्यानं बोलत राहायचं, आणि तो गप्प झाला तर खालच्यानं हाक मारायची. काय हाक मारायची तेही सांगितलं. ती आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, चहा टाकते, तुम्ही बोला, आत ऐकू येतं. आणि भिंतीपलीकडे गेली.

बरं झालं, गेली. समोर असती तर माझं परत कामाचंच झालं असतं. मी भिंतीकडे तोंड करून सुरू केलं. सातपुडा निळा दिसण्यापासून सुरू केलं. वांगं सांगितलं. कळण्याची भाकरी सांगितली. बांगड्या सांगितल्या, तेव्हा आतला भांड्यांचा आवाज थांबला. लग्नातली चप्पल सांगितली, तेव्हा आतून नाकातल्या नाकात हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मी बोलत राहिलो, नाना. तू मला ऐकलं असतंस तर मुक्या म्हणायची तुझी छाती झाली नसती. आणि मग तुझं ते शेवटचं वाक्य आलं. मी म्हणालो, आणि अक्का, प्रत्येक वेळी ते म्हणायचे, घरी गेल्यावर...

पुढचं निघेना. समोर खाट होती. माझा आवाज बंद पडला. आत स्टोव्ह बंद झाल्याचं कळलं, बांगड्या वाजल्याचं कळलं. आणि भिंतीपलीकडून, भीत भीत, पहिल्यांदाच म्हणत असल्यासारखी हाक आली.

'शे का, भाऊ?'

'शे,' मी म्हणालो, आणि पुढचं सांगायला लागलो.